मागाच्या शेडमधून थेट गड्ड्यावर: सोलापुरात कमी पैशांत ग्रीन स्क्रीन

गड्डा, म्हणजे सोलापूरची सिद्धेश्वर यात्रा, भरतो जानेवारीत आणि आमच्या शॉर्टफिल्मचा मुख्य कलाकार आम्हाला मिळाला मे महिन्यात. पुढची सगळी कसरत या एका अडचणीतून आली. गोष्ट एका म्हाताऱ्या विणकराची. तरुणपणी सिद्धेश्वर यात्रेत नंदीध्वज पेललेला हा माणूस शेवटच्या दृश्यात पुन्हा पांढरी बाराबंदी घालून यात्रेच्या गर्दीत उभा राहतो. गर्दी माझ्याकडे होती. भोगीच्या दिवशी एका मित्राच्या गच्चीवरून सहज शूट करून ठेवलेली. पुढच्या जानेवारीपर्यंत थांबायची कुणाची तयारी नव्हती. मग ठरलं की मामांना, म्हणजे आमच्या या कलाकाराला, मागाच्या शेडमध्ये हिरव्या कापडासमोर उभं करायचं आणि कॉम्प्युटरवर उचलून गड्ड्यात ठेवायचं.

मी पोटापाण्यासाठी लग्नाचे व्हिडिओ करतो, त्यामुळे कॅमेरा हाताला नवा नव्हता. तरी पहिल्या प्रयत्नात जे निघालं ते बघून मामाच म्हणाले, "हे काय बे, मला पोस्टरसारखं चिकटवलास की!" दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा जमलं. तिन्ही वेळा फोन तोच होता आणि सॉफ्टवेअरही तेच. फरक पडला तो रेकॉर्डचं बटण दाबण्याआधीच्या कामाने. म्हणून खाली कॉम्प्युटरचा भाग बराच उशिरा येईल. कंटाळून थेट तिकडे उडी मारू नका.

काय काय लागतं

- मॅन्युअल सेटिंग करता येईल असा फोन किंवा कॅमेरा, आणि न हलणारा ट्रायपॉड
- हिरवं कापड, साधारण १० बाय १२ फूट. त्याखेरीज निळ्या कापडाचा एक तुकडा
- एकाच कंपनीच्या, एकाच रंगछटेच्या चार फुटी एलईडी ट्यूब, किमान सहा
- ट्रेसिंग पेपर किंवा पांढरं पातळ सुती कापड, थर्माकोलचे दोन शीट
- शिडी, मोजपट्टी, दोरी, कपडे वाळत घालायचे चिमटे, इस्त्री
- वही आणि पेन. यावर हसू नका, पुढे कळेल.
- बऱ्या ग्राफिक्स कार्डाचा कॉम्प्युटर; १६ जीबी रॅम असेल तर सुखाने काम होतं

१. आधी विचारा: खरंच गरज आहे का?

पात्र घराच्या खिडकीत उभं आहे आणि मागे रस्ता दिसायला हवा, एवढंच असेल तर खिडकीत जाऊन शूट करा. सात रस्त्यावर चालणारा माणूस हवा असेल तर सकाळी सहाला सात रस्त्यावर जा. ग्रीन स्क्रीन वापरायची ती जागा आणि माणूस एकत्र आणणं अशक्य असेल तेव्हा: ऋतू वेगळा, गर्दी आवरणारी नाही, उंचावरचं धोक्याचं दृश्य, किंवा जागाच आता उरलेली नाही.

आणि पहिल्या फिल्मला पूर्ण देह, पाय जमिनीला टेकलेले, असा शॉट ठेवू नका. पाय आले की सावली आली, आणि जमिनीवरची सावली खरी वाटायला लावणं हे वेगळंच प्रकरण आहे. कमरेच्या वरचा शॉट घ्या.

२. प्लेट आधी, माणूस नंतर

मागे जे दृश्य बसवायचं त्याला प्लेट म्हणतात. नवखा माणूस कलाकाराला आधी शूट करतो आणि मग इंटरनेटवर बॅकग्राउंड शोधत बसतो. उलटं करा. प्लेट हातात आल्यावरच कलाकाराला बोलवा, कारण कॅमेऱ्याची उंची, कोन आणि उजेडाची दिशा प्लेट ठरवते.

आमची पहिली चूक इथेच होती. प्लेट गच्चीवरून घेतलेली, म्हणजे कॅमेरा जमिनीपासून सुमारे २५ फुटांवर, खाली झुकलेला. मामांना मात्र आम्ही डोळ्यांच्या उंचीवरून, सरळ समोरून टिपलं. दोन्ही एकत्र केल्यावर मामा गर्दीच्या वर हवेत तरंगायला लागले. आम्ही तासभर त्यांना लहान-मोठं करत बसलो. काही उपयोग झाला नाही, कारण घोळ आकाराचा नव्हताच.

यामागचं गणित समजून घ्या. सपाट जमिनीवर क्षितिजाची रेषा नेहमी कॅमेऱ्याच्या उंचीवर असते. कॅमेरा पाच फुटांवर असेल, तर जवळच्या-लांबच्या सगळ्या उभ्या माणसांचे डोळे साधारण त्या एकाच रेषेत येतात. कॅमेरा गच्चीवर गेला की ती रेषा सगळ्यांच्या डोक्यावरून जाते आणि माणसांच्या टाळू दिसायला लागतात. प्लेटमध्ये टाळू दिसत असतील, तर तुमच्या कलाकाराचीही दिसली पाहिजे.

शेडमध्ये २५ फूट उंची कुठून आणणार? तिची गरज नसते, प्रमाण जुळलं की पुरे. आमच्या प्लेटमध्ये ज्या जागी मामांना उभं करायचं होतं ती जागा कॅमेऱ्यापासून साधारण ६० फूट लांब होती. छातीची उंची चार फूट धरली तर कॅमेरा छातीच्या २१ फूट वर. २१ भागिले ६०, म्हणजे ०.३५. शेडमध्ये कॅमेरा आणि मामा यांच्यात १२ फूट अंतर ठेवलं, तर १२ गुणिले ०.३५, म्हणजे छातीच्या सव्वाचार फूट वर कॅमेरा हवा. जमिनीपासून सव्वाआठ फूट. शिडीवर फोन बांधला आणि मामा जमिनीवर आले.

फक्त एक होतं, वरून बघितल्यावर मागे भिंतीबरोबर थोडी जमीनही दिसते. म्हणून कापड भिंतीवरून उतरवून जमिनीवर पुढे पसरावं लागतं. भिंत आणि जमीन मिळतात तिथे घडी पाडू नका, गोलाई राहू द्या. घडीच्या जागी सावलीची रेघ उमटते.

प्लेट घेताना वहीत या गोष्टी लिहा: कॅमेऱ्याची उंची, कलाकाराच्या जागेपर्यंतचं अंतर (पावलं मोजली तरी चालेल), कोणती लेन्स, किती वाजले, ऊन कोणत्या बाजूने येत होतं. वेळेचं महत्त्व आम्हाला उशिरा कळलं. जानेवारीत भर दुपारीसुद्धा सोलापुरातला सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, जमिनीपासून साधारण ५० अंशांवर. मेच्या दुसऱ्या आठवड्यात तोच सूर्य दुपारी थेट डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली जाते. त्यामुळे मे महिन्यात "उघड्यावरच घेऊ, ऊन फुकट आहे" असं कुणी सुचवलं तर ऐकू नका. जानेवारीच्या प्लेटशी ते ऊन जुळणार नाही. शेडमध्ये दिवा तुमच्या मर्जीने लागतो.

प्लेट हलत्या हाताने घेऊ नका. कॅमेरा हलला की कलाकारालाही तितकंच हलवावं लागतं, त्यासाठी कापडावर खुणा चिकटवून ट्रॅकिंग करावं लागतं. पुढच्या फिल्मला बघू. आत्ता फोन ट्रायपॉडवर ठेवा आणि दोन मिनिटं हात लावू नका.

३. कापड

कापडाच्या गावात राहून आम्ही कापडातच फसलो.

पहिल्यांदा मंडपवाल्याकडून हिरवं कापड आणलं. फुकट मिळालं म्हणून खूश. ते सॅटिनसारखं चमकदार होतं, दिवा लावला की मधोमध पांढरा पट्टा. चमक म्हणजे रंग गेला, आणि रंग गेला की कॉम्प्युटरला तिथे हिरवं दिसतच नाही. शेतातली शेडनेट वापरायचा सल्लाही एकाने दिला होता. तिला भोकं असतात आणि त्यातून मागची भिंत दिसते, एवढं सांगितलं म्हणजे बास.

मग चाटी गल्लीत गेलो. दुकानात "ग्रीन स्क्रीनचं कापड" मागाल तर समोरचा गोंधळेल. असं सांगा: सुती पॉपलिन, बिनचमकीचं, मोठ्या पन्ह्याचं (म्हणजे जास्त रुंदीचं). पन्हा जितका मोठा, तितके जोड कमी. जोड घालावाच लागला तर कलाकाराच्या डोक्यामागून जाणार नाही असा घाला. शिवणीची सावली केसांच्या कडेला आली की ती काढताना रडकुंडीला याल. कापड जाड हवं. हात मागे धरून बघा, बोटं दिसली तर दुप्पट करून वापरावं लागेल.

रंगाचं नाव हा मोठा सापळा आहे. पोपटी घेऊ नका, त्यात पिवळा जास्त असतो आणि तो आपल्या कातडीच्या रंगाजवळ जातो. बाटली हिरवा फार काळपट, त्याला उजेड किती दिला तरी कमीच. हवा तो या दोघांच्या मधला, भडक, डोळ्यांना खुपणारा हिरवा. दुकानाबाहेर उजेडात कापडाचा फोटो काढा आणि फोटो एडिटिंगच्या ॲपमध्ये रंगाचे आकडे बघा. हिरव्याचा आकडा लाल आणि निळ्या, दोन्हींच्या दुप्पट तरी असावा. दुकानदार वेड्यात काढतील, काढू द्या.

हिरवाच का, असं मामांनी विचारलं होतं. माणसाच्या कातडीत, मग ती गोरी असो की सावळी, लाल-पिवळा प्रबळ असतो आणि हिरवा त्यापासून लांब पडतो. शिवाय बहुतेक डिजिटल कॅमेऱ्यांच्या सेन्सरवर हिरव्याचे पिक्सेल लाल किंवा निळ्याच्या दुप्पट असतात, म्हणून हिरव्या रंगाची माहिती सगळ्यांत स्वच्छ मिळते. फिल्मच्या रिळाच्या काळात निळा पडदा जास्त वापरात होता.

सोलापूरकरांसाठी एक जादा पर्याय. टर्किश टॉवेलचं कापड साध्या हिरव्या रंगात, बिननक्षीचं मिळालं तर बघा. त्यावर उभे राहिलेले धागे उजेड पसरवतात, चमक येत नाही, सुरकुत्याही दिसत नाहीत. जड मात्र फार. आमची दोरी एकदा तुटली. चादर नको. जकार्डच्या चादरीत दोन रंगांची नक्षी असते, आणि निम्मी नक्षी कॉम्प्युटरने काढून टाकली आणि निम्मी राहिली तर मागे मोरच मोर दिसतात.

कापड टांगल्यावर इस्त्री करा, खालून वजन बांधून ताणा. सुरकुती म्हणजे सावली.

४. जागा

खोलीत हे काम होत नाही. कलाकार कापडापासून किमान सहा ते आठ फूट पुढे हवा आणि कॅमेरा त्याच्यापुढे दहा-बारा फूट. म्हणजे २० फूट लांबी नुसती मोजायलाच गेली. कलाकार कापडाला चिकटून उभा राहिला तर दोन गोष्टी होतात: त्याची सावली कापडावर पडते, आणि कापडाचा हिरवा उजेड उलटून त्याच्या कानांवर, मानेवर, खांद्यांवर येतो. याला स्पिल म्हणतात.

मागाचं शेड यासाठी उत्तम. छत उंच, जागा लांब. दोन अडचणी: आवाज आणि पत्रा. शेजारचे माग चालू असतील तर आवाज रेकॉर्ड करायचं विसरा, सुट्टीच्या दिवशी जा किंवा संवाद नंतर डब करा. पत्र्याखाली मे महिन्यात काय होतं ते सांगायला नको. घामाने कपाळ चमकतं आणि त्या चमकीत हिरवा उतरतो, आणि फोन तापून मध्येच बंद पडतो. आम्ही पहाटे पाचला सुरू करून नऊला गुंडाळलं. फोनचं कव्हर काढा, दोन टेकच्या मध्ये तो पंख्यासमोर ठेवा.

कापड पूर्ण फ्रेम भरणारं हवं असा गैरसमज असतो. गरज नाही. कलाकार जिथपर्यंत हलेल, हात पसरेल, तेवढ्याच्या मागे हिरवं असलं की झालं. उरलेली भिंत, खिडकी, उभा राहिलेला तुमचा मित्र, हे सगळं नंतर एका रेघेत कापून टाकता येतं. त्या कापण्याला गार्बेज मॅट म्हणतात. फोनची रुंद लेन्स वापरू नका, दुप्पट झूमची वेगळी लेन्स असेल तर तीच घ्या. कमी कापडात भागतं.

५. उजेड

दोन वेगळी कामं आहेत हे डोक्यात पक्कं करा: कापडाचा उजेड वेगळा, माणसाचा वेगळा.

कापडासाठी दोन्ही बाजूंना दोन-दोन ट्यूब, उभ्या, ४५ अंशांत, कापडापासून तीन-चार फुटांवर. पुढे ट्रेसिंग पेपर लावा. पण पेपर दिव्याला चिकटवू नका, हातभर पुढे टांगा. ध्येय एकच, डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत कापड एकसारखं दिसावं. भगभगीत करायचं नाही. जास्त उजेडात हिरवा फिकटतो आणि स्पिलही वाढतं. कापड चेहऱ्यापेक्षा थोडं कमी उजळ ठेवा.

तपासायची सोपी युक्ती: दहा सेकंदांचं ट्रायल शूट करून लगेच लॅपटॉपवर घ्या आणि एडिटिंग सॉफ्टवेअरमधला वेव्हफॉर्म, म्हणजे उजेडाचा आलेख, उघडा. कापडाची पट्टी आडवी, बारीक रेघ दिसली पाहिजे. डोंगर-दऱ्या दिसल्या तर त्या बाजूचा दिवा हलवा. डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, डोळा लगेच जुळवून घेतो.

माणसासाठीचा दिवा प्लेटमधल्या उन्हाच्या दिशेने. आमच्या प्लेटमध्ये ऊन उजवीकडून, थोडं मागून येत होतं. म्हणून एक कडक दिवा उजवीकडे वरती, कागद न लावता, आणि डावीकडे थर्माकोल, म्हणजे सावलीची बाजू काळीठिक्कर होत नाही. मागून खांद्यावर येणारा उजेड आणखी एक काम करतो: केसांच्या कडा कापडापासून सुट्या दिसतात.

आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. साधे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, आपल्याला दिसत नाही पण कॅमेऱ्याला दिसतं. सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० किंवा १/१०० ठेवा. हात जोरात हलणार असतील तर १/१००, कारण हललेल्या हाताची पुसट कड हिरव्यात मिसळते. स्वस्त ट्यूबमध्ये तरीही पट्टे दिसले तर ती ट्यूब बदला. आणि शेडमधला जुना पिवळा बल्ब बंद करायला विसरू नका. दोन रंगांचे उजेड मिसळले की चेहरा एका बाजूला आजारी दिसतो.

लाईट जाण्याचा हिशोब ठेवा. परत आल्यावर सगळं तसंच असेल असं धरू नका, वेव्हफॉर्म पुन्हा बघा.

६. कपडे, दागिने, हळद

हिरवं घालू नका हे सगळेच सांगतात. आपल्याकडे ते तितकं सोपं नाही. नवरीचा हिरवा चुडा गेला की मनगट तुटल्यासारखं हात हवेत तरंगतो. इरकलचे हिरवे काठ, विड्याचं पान, तुळशीचं रोप, सगळं गायब. अशा दृश्याला निळं कापड लावा. निळ्या तुकड्याचं काम ते हेच. निळ्या कापडाला उजेड मात्र जास्त द्यावा लागतो.

हळदीचं दृश्य असेल तर दोनदा विचार करा. कॅमेऱ्याच्या दृष्टीने पिवळा म्हणजे लाल अधिक हिरवा, त्यामुळे हळद माखलेला गाल हिरव्यापुढे अर्धवट पारदर्शक होतो. इथेही निळाच.

सोन्याची नथ, काचेचा चष्मा, टिकल्यांचा ब्लाउज हे आरसे आहेत. चष्मा काढता येत नसेल तर दांडी थोडी उचलून काच खाली झुकवा.

आणि पांढरं. आमच्या बाराबंदीने आम्हाला रडवलं. पांढरा कपडा समोर येईल तो रंग पितो. मामा दुसऱ्या प्रयत्नात पाठीकडून चक्क हिरवे दिसत होते. उपाय अंतर: आठ फुटांऐवजी दहा. शिवाय मामांच्या दोन्ही बाजूंना, फ्रेमच्या बाहेर, काळ्या चादरी टांगल्या. बाजूने येणारा हिरवा उजेड त्या अडवतात.

७. फोनची सेटिंग

फोनला स्वतःची अक्कल वापरू देऊ नका. ब्लॅकमॅजिक कॅमेरा किंवा ओपन कॅमेरा ही फुकट ॲप चालतात. एक्स्पोजर, व्हाईट बॅलन्स, फोकस तिन्ही लॉक. एचडीआर, ब्युटी मोड, स्टॅबिलायझेशन बंद. शार्पनेस कमी करता येत असेल तर करा, कारण फोन कडा धारदार करायला माणसाभोवती पांढरी किनार काढतो आणि ती ‘की’ करताना, म्हणजे हिरवा काढून माणूस सुटा करताना, निघत नाही.

रेकॉर्डिंग ४के मध्ये, जमेल तितक्या जास्त बिटरेटवर, जरी फिल्म १०८० मध्ये काढायची असली तरी. फोन सहसा ४:२:० पद्धतीने रेकॉर्ड करतो. म्हणजे उजेडाची माहिती प्रत्येक पिक्सेलची, पण रंगाची माहिती चार पिक्सेलमागे एकच. ‘की’ तर रंगावरच चालते! ४के चं १०८० केलं की चार पिक्सेलचा एक होतो आणि रंगाची तूट भरून निघते.

फुटेज व्हॉट्सॲपवर पाठवू नका. केबल लावा, पेन ड्राइव्ह द्या. आमच्या एका टेकची कड अशीच भुसभुशीत झाली आणि आम्ही दोन दिवस सॉफ्टवेअरला शिव्या घालत होतो.

८. शूटिंगच्या दिवशी

कलाकार नसताना नुसत्या कापडाचा पाच सेकंदांचा शॉट घ्या, पुढे क्लीन प्लेट म्हणून कामाला येतो. मामांना प्लेट लॅपटॉपवर दाखवा: "मामा, पालखी या बाजूनं येतीय, तुम्ही इकडं बघायचं." शेडच्या खांबाला चिंधी बांधून नजरेची जागा ठरवा, नाहीतर माणूस शून्यात बघतो. शेवटच्या टेकनंतर कापड लगेच उतरवू नका. तिथेच बसून एक कच्ची की करून बघा. काईनमास्टरसारख्या मोबाईल ॲपमधली क्रोमा की (हिरवा काढायची सोय) सुद्धा एवढ्या तपासणीला पुरते.

९. कॉम्प्युटरवर

डाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती घ्या. चोरीच्या सॉफ्टवेअरची सीडी देणारे अजून भेटतात, व्हायरससकट मिळते.

फोनचं फुटेज थेट टाकू नका. फोन फ्रेमचा वेग मध्येच कमी-जास्त करतो आणि आवाज पुढे-मागे सरकतो. आधी शटर एन्कोडरसारख्या फुकट प्रोग्रॅममधून स्थिर २५ फ्रेमवर, डीएनएक्सएचआर या एडिटिंगसाठीच्या फॉरमॅटमध्ये रूपांतर करा. फाइल फुगते, हार्ड डिस्क मोकळी ठेवा.

मग रिझॉल्व्हच्या फ्यूजन पेजवर या क्रमाने जा:

पहिलं, गार्बेज मॅट. माणसाभोवती सैल रेघ ओढून बाकी सगळं फेका. जेवढा कमी हिरवा सोडवायचा तेवढं काम सोपं.

दुसरं, डेल्टा कीयर, म्हणजे हिरवा काढायचं टूल. रंग उचलायचा तो कापडाच्या कोपऱ्यातून नाही, चेहऱ्याच्या शेजारून. मग मॅटचं (काय ठेवलं, काय काढलं ते दाखवणारं) काळं-पांढरं दृश्य उघडा आणि सगळं काम त्यातच करा. माणूस पूर्ण पांढरा, बाहेर पूर्ण काळं. थ्रेशोल्डची खालची आणि वरची मर्यादा थोडी-थोडी सरकवा. इथे हात आखडता हवा. अंगातला एक करडा ठिपका घालवायला नवखा माणूस स्लायडर इतका ओढतो की केस कात्रीने कापल्यासारखे होतात. ठिपका अंगाच्या मधे असेल तर त्यावर वेगळा मास्क टाकून भरा, केसांना हात लावू नका. हट्टी शॉट असेल तर केसांची की वेगळी, अंगाची वेगळी.

तिसरं, डीस्पिल, म्हणजे अंगावर आलेला स्पिलचा हिरवा काढणं. हे साधारणपणे हिरव्याला लाल आणि निळ्याच्या पुढे जाऊ देत नाही. जास्त झालं की कातडी जांभळट होते. बाराबंदीसाठी आम्ही पांढऱ्या भागाचा रंगच वेगळा काढून फिका केला.

चौथं, कड आत घ्यायची, एक पिक्सेल, फार तर दीड.

रंगसंगतीचं काम या सगळ्यानंतर. आधी ग्रेडिंग करून मग की करायला गेलात तर हिरवा तुम्हीच बिघडवून ठेवलेला असतो.

१०. चिकटवलेलं दिसू नये म्हणून

स्वच्छ की निघाली तरी माणूस मागच्या दृश्यातला वाटेलच असं नाही. सगळ्यांत आधी काळा रंग जुळवा. आपल्या हवेत धूळ असते; ६० फूट लांबच्या माणसाचे काळे केस प्लेटमध्ये खरं तर राखाडी दिसतात. मामांचे मात्र शेडमध्ये कुळकुळीत काळे आलेले. काळा थोडा उचलला, किंचित पिवळट केला, आणि अर्धं काम तिथेच झालं. मग प्लेटमध्ये जेवढी खरखर आहे तेवढं ग्रेन माणसावर घाला. मागचा उजेड कडांवर किंचित सांडू द्या, याला लाईट रॅप म्हणतात. प्लेट थोडी धूसर करा, पण पोर्ट्रेट मोडच्या फोटोसारखी नको.

आणि जमलं तर समोरून काहीतरी जाऊ द्या. आम्ही प्लेटमधल्याच गर्दीतला एक माणूस कापून मामांच्या पुढून नेला. पुढे एक, मागे शंभर, आणि मधे मामा. त्या एका माणसाने जे केलं ते दोन दिवसांच्या स्लायडरबाजीने केलं नव्हतं.

११. कागदपत्रं

छोट्या फिल्मवाल्यांना हा भाग फालतू वाटतो, फेस्टिव्हलचा फॉर्म भरेपर्यंत.

- प्रत्येक कलाकाराचं सहीचं संमतीपत्र. कलाकार अठरा वर्षांखालचा असेल तर पालकाची सही
- शेडमालकाचं आणि गच्चीमालकाचं परवानगीपत्र, तारखेसकट
- रस्त्यावर ट्रायपॉड लावणार असाल तर पोलिस ठाण्यात आणि महापालिकेत अर्ज. पोच घेतलेली प्रत जवळ ठेवा
- भुईकोट किल्ल्यासारख्या संरक्षित वास्तूत पुरातत्त्व खात्याची परवानगी
- इंटरनेटवरून घेतलेली प्लेट किंवा संगीत असेल तर त्याचा परवाना, प्रिंट काढून

प्लेट ड्रोनने घ्यायचा मोह होईल. शहरातच होटगी रोडला विमानतळ आहे. ड्रोनसाठीच्या डिजिटल स्काय या सरकारी नकाशावर तुमची जागा कोणत्या झोनमध्ये येते ते बघितल्याशिवाय उडवू नका. गच्ची आणि शिडी बरी.

१२. प्लेटचा डबा

शेवटचं काम आत्ताच सुरू करा, फिल्म डोक्यात नसली तरी. सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी जून २०२३ मध्ये पाडली. माझ्याकडे त्याआधीच्या एका लग्नाच्या शूटिंगमध्ये मंगल कार्यालयाच्या गच्चीवरून घेतलेला संध्याकाळचा शॉट आहे, त्यात ती उभी आहे. आता २०१५ सालातलं सोलापूर दाखवायचं झालं तर तो शॉट कामाला येईल. त्या वेळी तो मी जवळजवळ डिलीट करणार होतो.

म्हणून हार्ड डिस्कवर एक फोल्डर करा. पावसाळ्यात भरलेला सिद्धेश्वर तलाव, संक्रांतीचं होम मैदान, पहाटेची नवी पेठ बंद शटरांसकट, मागांनी भरलेलं चालू शेड. प्रत्येक ठिकाणी दोन उंचींवरून घ्या, एक डोळ्यांच्या पातळीवरून आणि एक वरून. दोन-दोन मिनिटं, फोन स्टँडवर, सेटिंग लॉक. फाइलच्या नावातच तारीख, वेळ, उंची आणि उन्हाची बाजू लिहा. येत्या भोगीला यात्रेतल्या अक्षता सोहळ्यासाठी गच्चीवर जागा पकडणार असाल तर सकाळीच जाऊन मोजपट्टीने कठड्याची उंची मोजून ठेवा. नंतर गर्दीत मोजपट्टी काढायला जागा मिळत नाही.